अकरावं इंजिन

सेल्मर स्कोगनने आपल्या लाल कोठाराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने आगगाडीची अकरा इंजिनं काढली, तेव्हा नोर्डाल गावात कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. ठेवायची बिशादच नव्हती. अख्ख्या नॉर्थ डकोटात शोधलं असतं तरी असा भाऊ दुसऱ्या कुणाला सापडला नसता. एप्रिल पंचेचाळीसचा महिना, शेतात अजून बर्फाचे पट्टे पडलेले, वारा असा की शिडी दोरीने कोठाराला बांधावी लागली. सेल्मर तीन दिवस वर चढून होता. प्रत्येक इंजिन हातभर लांब, वर धुराचा गोळा, खाली चाकं. गावातून रेल्वे स्टेशनकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो, त्यामुळे बघायचं नसलं तरी बघावंच लागे.

कुणी विचारलंच तर सेल्मर शिडीवरूनच सांगे की, आमच्या ऑर्डीनने जर्मनांची अकरा इंजिनं फोडली, हे मी म्हणत नाही, फौजेचा कागद म्हणतो.

सेल्मरला हा भाऊ म्हणजे मुलासारखाच. अकरा वर्षांनी लहान. ऑर्डीनला जन्म देऊन आई गेली, आणि दुष्काळात धुळीची वादळं यायची त्या वर्षांत छातीत धूळ भरून बाप गेला. सेल्मरने आठवीतच शाळा सोडून नांगर धरला होता, तो धरलेलाच राहिला. लग्न केलं नाही. पण धाकट्याला हायस्कूलला घातलं, पुढे मास्तरांच्या कॉलेजातही पाठवलं. तिथे सरकारने पोरांना विमान शिकवायचा वर्ग काढला होता, त्यात ऑर्डीन पहिला आला. एका उन्हाळ्यात त्याने शिकाऊ विमान थेट कापलेल्या गव्हाच्या शेतात उतरवलं आणि भावाला मागच्या खुर्चीत बसवून एक चक्कर मारून आणली. सेल्मरने सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. पण संध्याकाळी धान्याच्या गोदामावर त्याने सांगितलं की वरून कॅनडा दिसला.

मग लढाई आली आणि ऑर्डीन लेफ्टनंट झाला. त्याचं विमान बुटकं, जाडजूड, पिंपासारखं, पण पुढे आठ मशीनगन. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात त्यांना काम होतं ते गाड्या थांबवायचं. त्याची एक रीत होती. चार विमानं एका ओळीत यायची. पुढच्याने इंजिनाचा बॉयलर धरायचा. तो फुटला की वाफेचा पांढरा खांब आभाळात जायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. मग वळून यायचं आणि शेपटीकडून तोंडाकडे सगळ्या डब्यांवरून गोळ्या झाडत जायचं. पुढचा असायचा तो ऑर्डीन. ज्याने इंजिन फोडलं त्याच्या विमानाच्या नाकावर मेकॅनिक एक छोटं इंजिन रंगवायचा. सेल्मरने भिंतीवर काढली ती त्याचीच नक्कल.

ऑर्डीनची पत्रं मात्र कोरडी. चिखल फार, कॉफी वाईट, बियाणं वेळेवर पेर. सेल्मर प्रत्येक पत्रात विचारी, आता किती झाली? शेवटी एकदा उत्तर आलं: "तू सारखा विचारतोस म्हणून लिहितो. दहा." पुढच्याच महिन्यात मेडल मिळाल्याचा कागद आला, त्यात लिहिलं होतं अकरा. सेल्मर हसला. स्वतःचं एक कमी करून सांगायची सवय बापाची. ती ऑर्डीनने उचलली होती, सेल्मरने नव्हती. त्याने अकरा काढली.

सप्टेंबरात ऑर्डीन घरी आला. सेल्मरने स्टेशनवरून आणताना मुद्दाम गाडी कोठारासमोर थांबवली, इंजिन बंद केलं आणि गप्प बसला. त्याला वाटलं, आता हा खांद्यावर हात टाकेल. ऑर्डीनने भिंत पाहिली, एकेक इंजिन मोजल्यासारखी नजर फिरवली आणि म्हणाला, "दहाच होती, सेल्मर. एक पूस."

"कागदावर अकरा आहेत."

"कागद लिहिणारा कारकून होता. तो विमानात नव्हता."

सेल्मरने ते मनावर घेतलं नाही. दमून आलंय पोर. घरी बटाटे आणि मटणाचा रस्सा केला होता, ऑर्डीनने दोनदा वाढून घेतला, आणि सेल्मरच्या दृष्टीने विषय संपला.

रस्त्यापलीकडे टॉफ्टेबाईंचं घर. गुनहिल्ड टॉफ्टे, विधवा, वय साठीच्या आसपास, चर्चच्या महिलामंडळात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. मुलगा फौजेत असला की खिडकीत निळा तारा लावायचा, गेला की सोनेरी. त्यांच्या खिडकीत सोनेरी होता. एकुलता एक, एल्डन. ऑर्डीनच्या वर्गातला. पायदळात गेला, बेल्जियमच्या जंगलात जर्मनांच्या हाती लागला, छावणीतून त्याचं एक कार्ड आलं, आणि मग तार: कैदेत असताना मृत्यू. कसा, ते तारेत नव्हतं. टॉफ्टेबाई सकाळी पडदा सारायच्या तेव्हा समोर काय दिसायचं, तर सेल्मरची अकरा इंजिनं. त्या एकदा म्हणाल्याही, "छान काढलीयत रे. धूर अगदी खऱ्यासारखा." सेल्मर आठवडाभर ते वाक्य सांगत हिंडला.

सेहेचाळीसच्या जूनमध्ये मिनेसोटाहून एक माणूस बसने आला. हार्लन रुंडक्विस्ट, सडपातळ, एका कानाने ऐकू कमी. एल्डनबरोबर छावणीत होता. त्या वर्षी अशी माणसं गावोगाव हिंडत होती, मेलेल्या मित्रांच्या आयांना भेटत. तो टॉफ्टेबाईंकडे दोन तास बसला. परतीची बस संध्याकाळी होती, म्हणून बाईंनी त्याला सेल्मरकडे पाठवलं. सेल्मरकडे गाडी होती. सेल्मर त्याला अंगणात भेटला आणि नेहमीप्रमाणे आधी भिंतीसमोर नेऊन उभा केला. अकरा, म्हणाला. माझा धाकटा.

रुंडक्विस्ट बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचे भाऊ घरी आहेत का?"

जेवायला तिघं बसले. रुंडक्विस्टने सांगितलं, त्या आईला मी तापाने गेला म्हणून सांगून आलो. बिछान्यात होता, मी हात धरला होता, शेवटी त्याने तिचंच नाव घेतलं, असं. त्या रडल्या, पण मग शांत झाल्या. खरं वेगळं आहे. कुणाला तरी सांगावं असं वर्ष दीड वर्ष वाटतंय, आणि तुम्ही वैमानिक, तुम्हाला कळेल.

मग त्याने सांगितलं. फेब्रुवारीची अठरा तारीख. बंद डब्यात साठ साठ माणसं कोंबलेली, छपरावर कसली खूण नाही. आपलीच विमानं आली. इंजिन फुटलं. जर्मन शिपाई पळाले, डबे बाहेरून कुलूपबंद.

ऑर्डीनने विचारलं, "पूल होता?"

"होता. गाडी पुलाच्या अलीकडेच थांबली."

"आणि पाण्याची टाकी. एक पाय मोडलेला."

रुंडक्विस्टने हातातला काटा खाली ठेवला. ऑर्डीनच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं नाही, टेबलाकडे बघत पुढचं सांगितलं. विमानं वळली आणि डब्यांवरून आली. एल्डन दाराशी होता, त्याला हवा लागायची म्हणून आम्ही जागा दिली होती. मग कुणीतरी एक दार फोडलं, जी चालू शकत होती ती माणसं बर्फात पळाली आणि आडवी पडून कैद्यांची खूण असलेली दोन मोठी अक्षरं केली. अंगाची अक्षरं. पहिलं विमान पुन्हा खाली येत होतं, ते एकदम वर गेलं. आणि जाताना पंख हलवले, इकडून तिकडे, समजलं असं सांगितल्यासारखे.

"हो," ऑर्डीन म्हणाला. "हलवले."

सेल्मरला एवढंच कळलं की आपण अजून रस्सा वाढलेला नाही, आणि तो उठून वाढायला लागला. रुंडक्विस्टने जेवण अर्धं टाकलं. बसथांब्यावर गाडीतून उतरताना तो सेल्मरला म्हणाला, तुमच्या भावाला काय माहीत असणार, वरून डबा म्हणजे डबा. मात्र त्या बाईला सांगू नका. तिला निदान एक बिछाना तरी राहू द्या.

सेल्मर घरी आला तर ऑर्डीन शिडी आणि रंगाचा डबा घेऊन कोठाराशी उभा. सेल्मरने शिडी हातातून काढून घेतली. लोक विचारतील, म्हणाला. एक का पुसलं म्हणून विचारतील. मग काय सांगशील?

"जे झालं ते."

"कुणाला बरं वाटेल त्याने? तिला? एल्डनला?" सेल्मरचा आवाज चढला. धाकट्यावर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. "तू सांगितल्याप्रमाणे केलंस. लढाई होती. आता गप्प बस."

ऑर्डीन गप्प बसला. दोन वर्षं बसला. सेल्मरला ही आपली करामत वाटली. पोराचं काम तर काय सुरेख चाललं होतं. पिवळं छोटं विमान घेऊन तो गव्हाच्या शेतांवर तणनाशक मारायचा. तारांच्या खालून असा जायचा की बघणारे खाली वाकत. तीन तालुक्यांतले शेतकरी त्याच्यासाठी थांबून राहत. सेल्मर खाली पुढची ओळ दाखवायला निशाणाचं फडकं धरून उभा राही आणि अंगावर औषध उडालं तरी हलत नसे. रात्री ऑर्डीन फार झोपत नाही हे त्याला माहीत होतं. पण झोपत नाहीत अशी माणसं गावात बरीच होती.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सरकारने विचारलं, मुलाला तिकडच्या दफनभूमीतच ठेवायचं की घरी आणायचं. टॉफ्टेबाई म्हणाल्या, घरी. ऑक्टोबरात शवपेटी येणार असं पत्र आलं. दुसऱ्याच दिवशी त्या सेल्मरकडे आल्या, हातात बटाट्याच्या पातळ पोळ्या गुंडाळलेल्या. त्यांनी विचारलं, ऑर्डीन पेटी खाली सोडताना वरून विमानाने जाईल का? आणि जाताना पंख हलवेल? एल्डनला आवडलं असतं. वर्गमित्र होते दोघं.

सेल्मरने क्षणभरही विचार केला नाही. विचार कसला करायचा? "जाईल म्हणजे? मीच त्याला पाठवणार. अशी सलामी गव्हर्नरलासुद्धा मिळाली नसेल."

संध्याकाळी त्याने हे अभिमानाने सांगितलं. ऑर्डीन हात धुत होता. हात तसेच ओले ठेवून तो वळला.

"काय हलवेन म्हणालास?"

तेव्हा कुठे सेल्मरच्या डोक्यात उजेड पडला. पण शब्द दिला गेला होता, आणि स्कोगनांचा शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती.

"उद्या जाऊन तिला सांगतो," ऑर्डीन म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "इतकी वर्षं तुझं ऐकलं. हे नाही ऐकणार. ती माझ्याकडे बघून हसते रे. पोळ्या पाठवते. एकदा तिने मला खरं ओळखून शिव्या द्याव्यात, एवढंच मला हवंय. मग मी उडेन, नाही तर नाही उडणार, ती म्हणेल तसं."

सेल्मर रात्रभर जागाच होता. पहाटे गाईंचं दूध काढायच्या आधी तो रस्ता ओलांडून गेला. टॉफ्टेबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे केस अजून वेणीतच होते. त्याने सांगितलं, ऑर्डीन येईल आणि काहीबाही बोलेल. एल्डनला मीच मारलं असं म्हणेल. मनावर घेऊ नका. लढाईने त्याचं डोकं जागेवर राहिलेलं नाही, आम्ही घरातच ठेवलंय, कुणाला सांगितलं नाही. पेटीचं ऐकून उसळलंय.

हे बोलताना त्याला एकच दिसत होतं: उद्या गोदामावर, चर्चमध्ये, न्हाव्याकडे लोक म्हणतील, तो बघा, ज्याने आपल्याच पोरांना मारलं. ते तो ऐकून घेऊ शकला नसता. डोकं बिघडलेला नायक चालला असता. असे होते. लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलत.

टॉफ्टेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बिचारा," त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस."

नऊ वाजता ऑर्डीन चांगला शर्ट घालून गेला. सेल्मर कोठाराच्या दारात उभा राहून बघत होता. वीस मिनिटं झाली. मग दार उघडलं आणि टॉफ्टेबाई ऑर्डीनला पाठीवर हात ठेवून बाहेर घेऊन आल्या, आजारी माणसाला आणतात तसं. घरी येऊन ऑर्डीन खुर्चीत बसला.

"सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तारीख, पूल, टाकी. तिने माझे केस सारखे केले. म्हणाली, बाळा, एल्डन तापाने गेला, त्याच्या मित्राने हात धरला होता. तू स्वतःला असं छळू नकोस. मी म्हटलं, सेल्मरला विचारा, तो टेबलावर होता." तो थांबला. "तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं. तू आधीच गेला होतास."

सेल्मर म्हणाला, तुझ्यासाठीच गेलो.

ऑर्डीनने रुंडक्विस्टला पत्र लिहिलं. ते तसंच परत आलं. तो पत्ता सोडून पश्चिमेकडे कुठेतरी कामाला गेला होता. सेल्मरला ते शिक्के मारलेलं पाकीट पाहून सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं त्याने स्वतःपासूनही लपवलं.

दफनाचा दिवस स्वच्छ निघाला. थंडी होती, पण आभाळ निळं. चर्चमागच्या टेकाडावर अख्खं गाव रांगेने पेटीमागून चाललं होतं, दोनशे माणसं तरी असतील, एकामागोमाग एक, काळ्या कोटांची लांब ओळ. पाद्री पुढे, मग पेटी, मग टॉफ्टेबाई, त्यांच्या शेजारी सेल्मर. ऑर्डीन सकाळी न जेवता निघून गेला होता, काही बोलला नव्हता. सेल्मरला वाटलं, वळला असावा मनाने. विमानाचा आवाज आला तेव्हा तो टॉफ्टेबाईंच्या कानाशी वाकून म्हणाला, "आला बघा आमचा."

विमान रांगेच्या शेपटीकडून आलं. आधी उंच दिसलं, मग खाली, मग इतकं खाली की सेल्मरला पायलटच्या गळ्यातला मफलर दिसला. सेल्मरने आयुष्यात तसं उडणं पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल ते फक्त त्या गाडीतल्या माणसांनी, तिकडे. रांगेच्या वरून, शेपटीकडून तोंडाकडे, डोक्यापासून पुरुषभर उंचीवरून ते गेलं, आणि माणसं गव्हासारखी आडवी पडली. टोप्या उडाल्या, बायका किंचाळल्या, पेटी धरणाऱ्या सहांपैकी दोघांनी हात सोडले आणि पेटी एका कोपऱ्यावर टेकली. म्हातारा ओल्सन पडला आणि त्याचं मनगट मोडलं. विमान वळलं आणि पुन्हा आलं. तिसऱ्यांदा खाली येताना टेकाडभर सगळी माणसं गवतात पालथी पडलेली पाहिली असावीत त्याने. ते एकदम वर गेलं. आणि पंख हलवले, इकडून तिकडे, इकडून तिकडे.

टॉफ्टेबाई गवतात बसल्या होत्या, टोपी वाकडी झालेली. त्या वर बघत म्हणाल्या, "देवा, किती दुखतंय त्या पोराला." बस्स, एवढंच. तो काय दाखवत होता ते त्या टेकाडावर एका माणसाला कळलं, आणि तो माणूस तोंड मिटून उभा होता.

त्या आठवड्यात तालुक्याच्या कचेरीत तीन माणसं बसली: न्यायाधीश, डॉक्टर आणि वकील. कुणाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे तेच ठरवत. ऑर्डीन त्यांच्यापुढे नीट कपड्यांत बसला, नीट बोलला. म्हणाला, मी वेडा नाही. मी अमुक तारखेला अमुक गाडीवर गोळ्या झाडल्या, तीत एल्डन टॉफ्टे होता. टॉफ्टेबाईंना सांगायला गेलो तर त्यांना पटेना, म्हणून दाखवलं. कुणाला दुखवायचं नव्हतं. माझा भाऊ साक्षीला आहे, रुंडक्विस्टने त्याच्यासमोर सांगितलं.

न्यायाधीश सज्जन माणूस होता. त्याने चष्मा काढला आणि सेल्मरकडे वळून विचारलं की, तो पाहुणा तुमच्या घरी काय बोलला? बाईंना तर त्याने ताप म्हणून सांगितलं होतं.

खोलीत स्टोव्ह जळत होता. सेल्मरच्या हातात टोपी होती, ती तो फिरवत होता. ऑर्डीन त्याच्याकडे बघत होता. लहानपणी बर्फात पाय अडकला की बघायचा तसं. आता काढेल हा, असं.

सेल्मरला वाटलं, हो म्हटलं तर हा घरी येतो. आणि मग उरलेलं आयुष्य गावात कुणाच्या तोंडाकडे बघायचं? नाही म्हटलं तर सहा महिने, डॉक्टर म्हणाला होता सहा महिने, विश्रांती, बरा होऊन येईल, आणि नाव तसंच राहील.

"आमच्या टेबलावरही तेच म्हणाला," सेल्मर म्हणाला. "ताप."

ऑर्डीनने मान वळवली आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला.

सहा महिन्यांची आठ वर्षं झाली. ते सरकारी इस्पितळ नव्वद मैलांवर होतं. सेल्मर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचा, वादळ असो नाही तर पेरणी असो, एक रविवार चुकवला नाही. हे कुणी नाकारू शकत नाही. बरोबर कॉफीचा थर्मास आणि पोळ्या. तिथल्या नोकरांना तो सांगायचा, नीट वागा, हा कोण आहे माहीत आहे ना? ऑर्डीन रोडावला होता, केस पांढरे व्हायला लागले होते, विजेचे झटके दिले की आठवडाभर बोटं थरथरायची. पण दर वेळी, निघायच्या आधी, एकच विचारायचा.

"तिला सांगितलंस?"

आणि सेल्मर म्हणायचा, सांगतो. या महिन्यात सांगतो.

खोटं नव्हतं ते. गेला होता तो. तीनदा तर ठरवून गेला. एकदा बटाट्याचं पोतं घेऊन, एकदा ईस्टरला, एकदा त्यांची चिमणी साफ करायला. टॉफ्टेबाई कॉफी ओतायच्या आणि त्याने तोंड उघडायच्या आत विचारायच्या, ऑर्डीन कसा आहे? मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, आधी त्याच्यासाठी, मग एल्डनसाठी. एवढं ऐकलं की सेल्मर ठरवून आणलेलं गिळून टाकायचा. तो कॉफी प्यायचा, हवेचं बोलायचा आणि रस्ता ओलांडून घरी यायचा. घर आता फार मोठं वाटायचं.

छप्पनच्या नोव्हेंबरात टॉफ्टेबाई अंगणात लाकडं घ्यायला गेल्या आणि तिथेच छातीत कळ येऊन पडल्या. दुपारी सेल्मरलाच सापडल्या. त्याने त्यांना उचलून आत नेलं, बिछान्यावर ठेवलं, पायातले बूट काढले. मग तो खाली बसला आणि सगळं सांगितलं, तारीख, पूल, टाकी, टेबल, कचेरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने. ऐकायला कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी तो गेला. ऑर्डीनने विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं, टॉफ्टेबाई गेल्या.

ऑर्डीनने आपल्या हातांकडे पाहिलं. "तिला सांगितलंस?"

"नाही," सेल्मर म्हणाला. त्या मेल्यावर सांगितलं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं, पण निघालं नाही.

"मग झालं," ऑर्डीन म्हणाला.

त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. डॉक्टरांनाही काही सांगेनासा झाला. आगगाडी, कैदी, बर्फ, काही नाही. वसंतात डॉक्टरांनी सेल्मरला बोलावून आनंदाने सांगितलं की भ्रम गेला, आता तुम्ही त्याला घरी नेऊ शकता, रुग्ण बरा झाला. सेल्मरने कागदावर सही केली. बापाचा ओव्हरकोट ऑर्डीनच्या खांद्यावर टाकला आणि त्याला गाडीत बसवलं.

घरी तो कामाला लागला. वसंतात शेतातून दगड वेचायचे असतात, दरवर्षी जमीन नवे दगड वर काढते. ते वेचत तो सेल्मरच्या मागून चालायचा. विमानाकडे बघायचा नाही, आवाज आला तरी मान वर करायचा नाही. गावातली माणसं त्याच्याशी हळू बोलायची, आणि तोही हळू बोलायचा. हेच तर सेल्मरने मागितलं होतं.

एका रात्री जेवताना सेल्मरला ते सहन झालं नाही. त्याने सुरी खाली ठेवली. म्हणाला, "ऑर्डीन, ते खरं होतं. रुंडक्विस्ट बोलला ते मी ऐकलं होतं, शब्द न् शब्द. मी खोटं बोललो. रविवारी चर्चमध्ये उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. न्यायाधीशालाही सांगतो. तू म्हणशील त्याला सांगतो."

ऑर्डीन चावत होता. त्याने घास गिळला, थोडं पाणी प्यायला.

"काय खरं होतं?"

"ती गाडी. एल्डन."

ऑर्डीनने भावाकडे पाहिलं. रागाने नव्हे, दुःखानेही नव्हे. डॉक्टर बघतात तसं, थोडं वाकून, काळजीने.

"सेल्मर," तो म्हणाला, "एल्डन तापाने गेला. तुला झोप येत नाही का हल्ली?" आणि मग, हात पुढे करून, "ते बटाटे दे इकडे."

सेल्मरने बटाटे दिले.